आधी पाटी वाचा

"म्याडम, तुमच्या फारमात 'समाजसेवेची आवड' असं काही लिवू नका. मी समाजसेवा करून नाही राह्यलो. मी बदला घेऊन राह्यलो."

पहिल्याच भेटीत स्वयंसेवक असं बोलला तर काय करायचं, हे आमच्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मी नुकतीच बी.ए. होऊन प्रौढ साक्षरतेचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत लागले होते. नेर तालुक्यातली अकरा गावं माझ्याकडे होती. गावोगाव वर्ग चालवणारे स्वयंसेवक शोधायचे, त्यांच्याकडे फळा, पुस्तकं आणि कंदील पोचवायचा, आणि महिनाअखेरीस 'प्रगती समाधानकारक' असं लिहून मोकळं व्हायचं, एवढंच माझं काम. समोर बसलेला माणूस होता एसटीचा निवृत्त कंडक्टर. मी विचारलं, "बदला? कोणाचा?"

"पब्लिकचा. तीस वर्सं, म्याडम! माणूस गाडीच्या पाटीखाली उभा राह्यते. पाटी त्याच्या डोक्यावर, अक्षर हे एवढं हातभर. अन् मले इचारते, 'कंडक्टर, ही गाडी कुठी जाते?' सकाळी तेच, सांजच्याले तेच. रिटायर झालो त्या दिवशीच ठरवलं, का या गावात असा एकही माणूस ठेवाचा नाही जो कंडक्टरले गाडी इचारीन."

फॉर्मवर बदल्यासाठी रकाना नव्हता. मी 'समाजसेवेची आवड' असंच लिहिलं. त्यांनी फॉर्म हातात घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचला, खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच काढला आणि कोपऱ्यात एक स्वच्छ भोक पाडून तो मला परत दिला. "वाचला," ते म्हणाले.

ही त्यांची जन्माची खोड होती. वाचलेल्या प्रत्येक कागदाला त्यांच्या हातून भोक पडायचं. लग्नाच्या पत्रिका, पेपर, औषधाच्या बाटलीबरोबरची चिठ्ठी, माझे अहवाल, काहीही. त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर प्रत्येक सरलेल्या महिन्याला भोक होतं. गावातल्या कोणाला तालुक्याहून काही कागद आला आणि त्याचा अर्थ लागला नाही, तर तो आधी कंडक्टरकडे जायचा. परत आलेल्या कागदाला भोक नसेल, तर कागद इतका अवघड की कंडक्टरलाही कळला नाही, असं गाव समजायचं. असे कागद फार थोडे होते.

गाव त्यांना 'कंडक्टर' म्हणायचं, मी 'काका' म्हणायचे. उंच, हडकुळे, अंगात कायम खाकी पँट. तिकिटांची पेटी वागवून डावा खांदा वर गेला होता तो गेलाच. स्थिर जमिनीवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. उभे राहिले की एक हात वर करून काहीतरी धरायचे. घरात आढं, अंगणात कडुनिंबाची फांदी. ग्रामसभेत धरायला काही मिळालं नाही म्हणून एकदा त्यांनी सरपंचाच्या खुर्चीची पाठ धरून अख्खं भाषण ऐकलं होतं.

आणि घराला ते डेपो म्हणायचे. म्हणजे खरं तर घराला नव्हे, काकूंना. "डेपोत जाऊन येतो", "डेपोचा हुकूम हाय", "डेपोनं आज झुनका केला". काकू बुटक्या, गोल, बोलायला थोड्या आणि ठाम. त्या काकांना कुठल्याच नावानं हाक मारत नसत. "अवो" म्हणून संपवायच्या. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मलाही माहीत होतं. त्या माहितीचा पुढं आमच्या वर्गाशी काही संबंध येईल, एवढी अक्कल मात्र मला नव्हती.

वर्ग शाळेत भरवायला काकांनी साफ नकार दिला. "शाळेत बसलं का म्हातारा माणूस भेते. त्याले वाटते, आता मार पडते." म्हणून वर्ग भरायचा गावाबाहेर, यवतमाळच्या रस्त्यावरच्या प्रवासी निवाऱ्यात. तीन बाजूंनी भिंती, दोन सिमेंटचे बाक आणि समोर डांबरी रस्ता. दिवस मावळायच्या आधी बाया शेतातून येताना तिथंच थांबायच्या, कमरेची कापसाची ओटी सोडायच्या आणि बसायच्या. "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा करा," असं म्हणत काका सगळ्यांना कोंबायचे. मग सायकलची घंटी दोनदा वाजवायचे. डबल बेल झाली की वर्ग सुटला, म्हणजे सुरू झाला. एकदा वाजली की थांबला. ज्यानं अक्षर ओळखलं त्याला त्यांच्या संग्रहातलं जुनं रद्द तिकीट भोक पाडून मिळायचं. पंच्याहत्तरीचे गोविंदबुवा ही तिकिटं टोपीत जपून ठेवायचे आणि कोणी हसलं तर टोपी काढून दाखवायचे.

संस्थेचं पुस्तक कमळ आणि बदकापासून सुरू व्हायचं. काकांनी ते चाळलं, भोक पाडलं आणि बाजूला ठेवलं. "या गावात कमय कोठी हाय? बदक कोणं पाह्यलं? ज्याचं तिकीट काढाचं नाही ते कायले वाचाचं?" त्यांचा अभ्यासक्रम गाड्यांच्या पाट्यांवरून चालायचा. पहिला थांबा नेर. मग यवतमाळ, कळंब, वणी, पुसद. घाटंजीला अर्धा अभ्यास झाला. आर्णी, दिग्रस, दारव्हा हे पुढचे कठीण थांबे. सगळ्यात शेवटी झरी जामणी. मी म्हटलं, "काका, झरी जामणीची अक्षरं तर सोपी आहेत." ते म्हणाले, "अक्षर सोपं हाय, पण गाव दूर हाय ना. एवढ्या लवकर कसं पोचन माणूस?"

 हळूहळू सगळं गाव त्याच भाषेत बोलायला लागलं. कापूस वेचता वेचता एक बाई दुसरीला विचारायची, "कुठवर पोचली वं?" दुसरी म्हणायची, "पुसदले अटकली, माय." मलाही सवय लागली आणि एका महिन्याच्या अहवालात मी लिहून गेले, 'सहा जण घाटंजीत, दोघे दिग्रसला, एक बाई वणीहून पुढे सरकत नाही.' वरिष्ठांचं पत्र आलं की नेर तालुक्यातील प्रौढ विद्यार्थी इतर तालुक्यांत कोणाच्या परवानगीनं फिरत आहेत, याचा खुलासा करावा. काकांनी त्या पत्रालाही भोक पाडलं.

रोज सहाच्या सुमारास यवतमाळहून अमरावतीकडे जाणारी गाडी निवाऱ्याशी थांबायची. तीच रोजची परीक्षा. गाडी वळणावर दिसली की सगळे उठून उभे राहायचे आणि पाटी वाचायचे. एकदा ड्रायव्हर पाटी पलटायची विसरला. वर्गानं एका सुरात वाचलं, "य-व-त-मा-ळ!" गोविंदबुवांना नाहीतरी यवतमाळला लेकीकडे जायचंच होतं. ते पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसले.

"बाबा, उतरा. ही अमरावतीले चालली," गाडीतला कंडक्टर म्हणाला.

"पाटीवर यवतमाळ हाय."

"पाटी पलटाची राह्यली हो."

"ते मले माईत नाही. मी वाचून बसलो. तू यवतमाळलेच ने."

खाली पारबताबाई गाडीसमोर जाऊन उभी राहिली. ही वर्गातली सगळ्यात पुढं गेलेली, दारव्ह्यापर्यंत पोचलेली बाई. पेरणीच्या वेळी तिनं दुकानात सरकीची पिशवी हातात घेऊन तिच्यावरचे आकडे पाच मिनिटं वाचले होते आणि मागं रांग ओरडत असताना "ही मागच्या सालची हाय" म्हणून परत ठेवली होती. त्या दिवसापासून वाचलेल्या गोष्टीवरून तिला कोणी हलवू शकत नव्हतं. ती म्हणाली, "लिवलं एक अन् जातं दुसरीकडे, असं चालत नाही. आमी मयनाभर कायले डोये फोडले?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. एकीकडे त्यांची जातकुळी, वर्दीतला कंडक्टर. दुसरीकडे स्वतःचे विद्यार्थी. काकांनी निवाऱ्याचा खांब धरून विचार केला आणि निकाल दिला, "पाटी खरी. गाडी खोटी."

ड्रायव्हरला खाली उतरावं लागलं. त्यानं पाटी पलटली, वर्गानं 'अमरावती' वाचून खात्री केली, मग गोविंदबुवा उतरले आणि काकांनी सायकलच्या घंटीनं डबल बेल दिली. गाडीतल्या पब्लिकनं आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या मी अहवालात घातल्या नाहीत.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव नव्हता, पीक लागत नव्हतं, आणि आमचा जिल्हा रोज पेपरात होता. त्यामुळं रस्त्यानं जीपा फार यायच्या. पुढारी, अभ्यासक, पत्रकार, कॅमेरावाले. सगळे तेच प्रश्न विचारायचे आणि तोंड पाडून बसलेल्या माणसाचा फोटो मागायचे. एक दिवस अशीच एक जीप निवाऱ्याशी थांबली. काच खाली झाली. उंची चष्मा लावलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काका, हे गाव कोणतं?"

गावाच्या नावाची पिवळी पाटी त्यांच्या जीपपासून चार हातांवर होती.

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. "तुमी शिकलेले हा काय?" त्यांनी विचारलं.

"हो. मी संशोधन करतो."

"उतरा खाली."

त्या गृहस्थांना काकांनी पुढच्या बाकावर पारबताबाईशेजारी बसवलं आणि गावाची पाटी तीनदा मोठ्यानं वाचायला लावली. बिचाऱ्यांनी वाचली. मग त्यांना भोक पाडलेलं तिकीट मिळालं. जीप दिसेनाशी होईपर्यंत काका रस्त्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "म्याडम, आपला बदला लय मोठा हाय. यवतमाळपुरता नाही उरला."

हे सगळं चाललं असताना गावात एकच प्रवासी बिनतिकीट होता. डेपो. अख्ख्या गावाला गाडीत कोंबणाऱ्या या माणसाची स्वतःची बायको निवाऱ्याकडे फिरकत नव्हती. काका त्यावर विनोद करायचे, "डेपो कधी गाडीत बसते काय?" सगळे हसायचे. पण कोणी बाई पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायची, तेव्हा ते तिकिटाला भोक पाडता पाडता गावाच्या दिशेनं बघायचे. हे मी पुष्कळदा पाहिलं होतं.

मग परीक्षा जाहीर झाली. जिल्ह्याहून साहेब येणार, लेखी पेपर होणार, आणि ज्या वर्गात पास होणारे विसाच्या खाली तो वर्ग बंद. फळा आणि कंदील कळंबकडच्या गावाला जाणार. आमच्याकडे मोजून वीस जण होते. परीक्षेला तीन आठवडे असताना त्यातल्या एकीच्या लेकीचं बाळंतपण निघालं आणि ती वणीला निघून गेली. जाताना म्हणाली, "पाटी वाचून गाडीत बसतो, काळजी करू नका." काकांनी तिला डबल बेल दिली. पण त्या दिवशी आलेल्या वर्तमानपत्राला त्यांनी भोक पाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला घरी घेऊन गेले. काकू अंगणात अंबाडीची भाजी निवडत होत्या. काका कडुनिंबाची फांदी धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "म्याडम, डेपोले इचारा, परीक्षेले बसते काय?"

काकूही माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "बाई, त्यायले सांगा, लगन झाल्यापासून मी 'पुढं सरका' आयकून राह्यली. आता स्टँडवर जाऊन आणखी आयकू काय?"

"म्याडम, सांगा, वर्ग बंद होते."

"बाई, सांगा, मंग घरी बसा."

मी दोघांच्या मधोमध उभी. माझीच परीक्षा चालली होती. शेवटी काकूंनी भाजीची टोपली बाजूला सारली. "बसतो मी. पण शिकवान तुमी, बाई. दुपारच्याले, माह्या सैपाकघरात. हे तवरीक घरात दिसले नाही पायजेत. अन् घंटी नाही वाजवाची."

काकांनी फांदी सोडली आणि निघून गेले. तीन आठवडे रोज दुपारी ते भर उन्हात निवाऱ्यात बसून राहिले, एकटेच.

काकू झपाट्यानं शिकल्या. दहा दिवसांत घाटंजी मागं पडली. मला कौतुक वाटलं आणि मी विचारून बसले, "काकू, इतकं येतंय तर आधीच का नाही शिकलात? काका किती खूश झाले असते."

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "नवी नवरी होती मी. ह्यायची ड्यूटी होती अन् मले माहेरी जायाचं होतं. नेरच्या स्टँडवर त्यायच्याच गाडीपाशी उभी राह्यली अन् इचारलं, 'अवो, ही गाडी कुठी जाते?' पाटी माह्या डोक्यावर होती म्हने. सारी गाडी हासली. हासू दे पब्लिकले. पण हे बी हासले, बाई."

त्यांनी चुलीवर फुंकर घातली. त्या पुढं म्हणाल्या, "मंग रात्री पाटी-पेन्सिल घेऊन आले. मी ते पाटी चुलीत टाकली. दुसऱ्यांदा आणाची त्यायची हिंमत नाही झाली."

बदला कोणाचा चालला होता, ते मला त्या दिवशी कळलं. पब्लिक बिचारं फुकट बदनाम झालं होतं. माणूस गावभर माफी मागत फिरत होता, कारण जिची मागायची तिच्यासमोर तोंड उघडत नव्हतं. मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली.

परीक्षेचा दिवस उजाडला. साहेबांच्या आग्रहामुळं पेपर शाळेच्या खोलीत. साहेब तरुण, सज्जन, नुकतेच पुण्याकडून बदलून आलेले. नियमाप्रमाणे शिक्षकाला आत यायची बंदी, म्हणून काका खिडकीबाहेर गज धरून उभे. सहा पुरुष, चौदा बाया. साहेबांनी पेपर वाटले आणि सूचना वाचली, "प्रश्न पहिला. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव स्वहस्ते लिहावे. नाव अपूर्ण असल्यास पेपर बाद होईल. करा सुरुवात."

पुरुषांच्या पेन्सिली चालायला लागल्या. चौदा बायांनी आपापलं नाव लिहिलं आणि पेन्सिली खाली ठेवल्या.

 वर्गात काकांनी प्रत्येक बाईला तिचं नाव आणि माहेरचं गाव लिहायला शिकवलं होतं, त्यांच्या मते माणसाला नाव आणि थांबा आला की पुरे. नोंदणीचे फॉर्म मी भरले होते. तेव्हा नवऱ्याचं नाव विचारलं की बाई शेजारणीकडे पाहायची आणि शेजारीण सांगायची. फॉर्म भरत होते, मला काही खटकलं नाही. आणि आता शेजारणीनं सांगितलं तर ती कॉपी होणार होती!

"का थांबलात?" साहेबांनी विचारलं.

"मालकाचं नाव हाय सायेब," पारबताबाई म्हणाली.

"मग लिहा की. बोलायचं थोडंच आहे? लिहायचंय."

बायांनी यावर आपसांत खल केला. निष्कर्ष असा निघाला, की बोललेलं हवेत जाते, लिवलेलं राह्यते, म्हणजे लिवणं जास्त वाईट. पारबताबाईनं तोडगा काढला, "मी हिच्या मालकाचं लिवतो. ही माह्या मालकाचं लिवीन."

"अहो बाई," साहेब घाबरून म्हणाले, "मग नवरे बदलतील!"

खिडकीबाहेर काकांनी दोन्ही हातांनी गज धरले होते. वर्ग चालला, कंदील चालला, सगळं चाललं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी साहेबांना विनवलं. साहेब हळहळले, पण नियम त्यांच्या हातात नव्हता. आणि मग मागच्या बाकावरून काकू उठल्या.

"सायेब, तुमचं लगन झालं हाय ना?"

"हो."

"तुमच्या घरच्या बाईनं चारचौघांत तुमचं नाव कसं घेतलं?"

साहेबांचे कान लाल झाले. "उखाण्यात."

"मंग? आमी काय येगळ्या हाओ? नाव घ्याचंच हाय तं रीतीनं घेऊ. या रेघेत नाही मावत. कोरा कागद द्या एकेक."

साहेबांनी नियमावली पुढून मागून वाचली. नाव स्वहस्ते लिहावे असं होतं. नावाच्या आधी यमक जुळवू नये, असं कुठंही नव्हतं. त्यांनी कोरे कागद वाटले.

पुढचा पाऊण तास त्या खोलीत नुसता पेन्सिलींचा आवाज होता. बायांना खात्रीनं लिहिता येणारे शब्द म्हणजे गाड्यांच्या पाट्या, त्यामुळं उखाणेही त्याच रस्त्यानं गेले. कागद गोळा करताना मी वाचत गेले. एकीनं लिहिलं होतं:

*नेरच्या स्टँडवर उभी यवतमाळची गाडी,*
*महादेवरावाचं नाव लिहिते, नेसून हिरवी साडी.*

आणि पारबताबाईनं:

*आर्णीवरून दिग्रस, दिग्रसवरून पुसद,*
*नामदेवरावाचं नाव लिहाले आज भेटली फुरसद.*

काकूंचा कागद शेवटी हातात आला. मी तो दोनदा वाचला आणि घडी करून गठ्ठ्यात घातला. साहेबांनी तिथंच पेपर तपासले, मग गठ्ठ्याला सील लागलं. साहेब जाताना मला म्हणाले, "असे पेपर मी जन्मात तपासले नाहीत. यांना नापास करायला दगडाचं काळीज पाहिजे." विसांपैकी वीस पास झाले. फळा आणि कंदील गावातच राहिला.

पण त्या दिवशी संध्याकाळी काका माझ्यामागं लागले. "लिवलं काय तिनं?"

"लिहिलं."

"काय लिवलं?"

"ते तुम्ही काकूंनाच विचारा."

त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "पास झाली ना? मंग बस झालं." तीस वर्षं नियमानं वागलेल्या या माणसानं मला चक्क सील फोडायची विनंती केली. मी नाही म्हटलं. मग त्यांनी जिल्ह्याला चार पत्रं लिहिली, पेपर परत मिळतो काय म्हणून. उत्तर आलं नाही. पुढं कितीतरी महिने भेटलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच, "म्याडम, पेपर वापस येते काय?"

पुढं माझं लग्न झालं, संस्थेचं कामही आटोपलं. काही वर्षांनी साहेबांचं यवतमाळचं कार्यालय बंद करताना जुने गठ्ठे रद्दीत निघाले आणि मला मदतीला बोलावलं होतं. आमच्या गावाचा गठ्ठा दिसला. मी सील फोडलं. आता ते फोडायला कोणाची हरकत नव्हती. हवा तो कागद पर्समध्ये घातला आणि पुढच्याच आठवड्यात नेरची गाडी धरली.

निवाऱ्याशी उतरले तर दोघं समोरच बाकावर बसलेले, पिशवी भरून. काका फार वाळले होते. पँट तीच. काकू म्हणाल्या, "यवतमाळले चाललो, बाई. ह्यायचे डोये. मोतीबिंदू पिकले दोन्ही. आज भरती व्हाचं हाय."

मी कागद काढून काकांच्या हातात दिला. "काका, पेपर वापस आला."

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला, मग उन्हात धरला. सगळ्या तालुक्याचे कागद वाचलेल्या माणसाला तेवढा एक कागद वाचता येत नव्हता. काकू म्हणाल्या, "राहू द्या. डोये झाल्यावर वाचा."

"तवरीक दम नाही निघत," काका म्हणाले. मग त्यांनी कागद काकूंपुढं धरला आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "तू वाच. त्या दिवशी मी हासाले नको होतं."

इतक्या वर्षांनी ते वाक्य बाहेर आलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर सावरला, कागद घेतला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं:

*आता वाचता येते मले पाटीवरचं गाव,*
*डेपोनं आज लिहिलं पाहा —*

आणि त्यांनी नाव घेतलं. पूर्ण, रावासकट. ते मी इथं लिहीत नाही. ते मी तोवर फक्त कागदावर पाहिलं होतं, कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काकांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं खिशातून पंच काढला आणि काकूंच्या हातात ठेवला. "तू वाचलं. तूच पाड." काकूंनी कोपऱ्यात भोक पाडलं. जरा वाकडं पडलं.

वळणावर गाडीचा आवाज आला. काका बाकावरून उठले, सवयीनं हात वर करून निवाऱ्याचा खांब धरला, आणि येणाऱ्या गाडीकडे पाहत डोळे बारीक केले. पाटी त्यांच्या डोक्यावर येऊन थांबली.

"ओ," ते हळूच म्हणाले, "ही गाडी कुठी जाते?"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी मान वर करून पाटी वाचली, मग त्यांचा हात धरला.

"यवतमाळले जाते," त्या म्हणाल्या. "पुढं सरका."